पेवमाळावरची हाक

खडकसांगवीच्या उगवतीला पेवमाळ आहे. जोंधळा साठवायला जमिनीत खोदलेली तिथली पेवं केव्हाच रिकामी झाली. उरलीत ती गोल दगडी तोंडं. तरी माळावरून जाताना गावची माणसं चपला हातात घेतात. पाहुण्यांना आधी हसू येतं. हकिगत ऐकली की तेही मुकाट्यानं वाकतात.

फार मागे, असं सांगतात, लागोपाठ पावसाळे कोरडे गेले आणि वरच्या मुलखातून उपाशी माणसं वाट फुटेल तिकडे चालू लागली. खडकसांगवीत घराघराचं आपलं पेव होतं आणि सगळी पेवं भरलेली होती. पाटलांनी त्यांची तोंडं मातीनं सारवून वर गुरं बांधायला लावली आणि धान्याचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद दिली. माळाला लागून सगुणाचं घर. नवरा चाऱ्याच्या शोधात गेला तो परतला नव्हता, पदरात ठकू नावाची लेक. ताकीद तिला पटली. पोर जगवायची तर दुसरं काय करणार होती बिचारी?

एकदा भर दुपारी, गाव दारं लावून पडलेलं असताना, काही परकी माणसं माळावर आली. गुरांच्या खुरांनी एका पेवाचा दगड उघडा पडला होता. सगुणा दाराच्या फटीतून बघत होती. त्यांनी दगड सरकवला आणि एकजण तसाच आत उतरला.

बंद पेवात विषारी हवा कोंडते. तोंड उघडून हवा खेळू द्यायची, मग दिवा सोडायचा, तो टिकला तरच उतरायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या मुलखात पेवं नव्हती. एक हाक पुरली असती. पण हाक मारली तर ते दारात येणार, ठकूच्या तोंडचा घास जाणार. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पहिला वर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याला आणायला तिसरा. शेवटी काठावर एक बाई उरली. तिनं सगुणाच्या दाराकडे पाहिलं, म्हणे, आणि तीही उतरली.

गावानं ते पेव घाईघाईनं बुजवलं. पुढे घरातलं धान्य संपत आलं तसं दुसरं उघडलं, हवा खेळू दिली, दिवा सोडला. विझला. दुसऱ्या दिवशीही विझला. एकाही पेवात दिवा टिकेना. पाटलांनी बोकड कापला, काही उपयोग झाला नाही. खाली जोंधळा आणि वर उपाशी गाव! आत उतरायची कोणाची छाती होईना. ठकूला उभं राहवेना. सगुणाला तर दिवसाढवळ्या पायांखालून कोणी वर चढत असल्यासारखं वाटे.

अशात तिच्या दारात एक म्हातारी आली.

"बाय, आमची मानसं हिकडं आल्ती. बगितलीस का?"

सगुणानं दार पुरतं उघडलं. "बगितली," ती म्हणाली. "म्या हाक न्हाई मारली, आजे."

म्हातारीनं नुसता पदर पसरला. सगुणानं ठकूकडे पाहिलं, गाडग्यातलं उरलंसुरलं पीठ आणलं आणि त्या पदरात ओतलं. म्हातारी माळाकडे गेली. पुढे ती कोणालाच दिसली नाही.

मग सगुणानं दिवा घेतला, आपल्या पेवावर ओणवी झाली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "उतरू नगा! आदी दिवा सोडा!"

तिचा दिवा टिकला. शेजारीच पाटलांनी सोडलेला विझला. तिनं पिठाची गोष्ट सांगितली, तेव्हा गावाला काय ते कळलं. ज्यानं त्यानं आपल्या गाडग्यातलं, आपल्या हातानं, वाटेवरच्या उपाशी माणसाला दिलं, तेव्हा कुठे ज्याचा त्याचा दिवा राहिला.

आजही चैत्री अमावास्येला प्रत्येक घर आपल्या रोजच्या खाण्यातलं धान्य परक्या माणसाच्या ओटीत घालतं. वर्गणी काढून भागत नाही. पाटलांच्या वंशजांनी एकदा तसं सुचवून पाहिलं, तर त्यांच्या आईनंच त्यांना गप्प बसवलं. मग रिकाम्या पेवांत दिवे सोडून सगळे ती हाक मारतात, आणि दिवा टिकतो की नाही हे कळेपर्यंत म्हातारेकोतारेही श्वास रोखून धरतात. त्या दुपारी, ऊन कितीही असो, खडकसांगवीत एकही दार लावलेलं नसतं.