उलटी येणारी ठकू

आमच्या गावच्या नदीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नये. माझ्या सासूबाईंनीही ती त्यांच्या सासूबाईंकडूनच ऐकलेली.

अलीकडच्या काठावर ठकू सुईण राहायची. तिचा उजवा पाय लहानपणापासून अधू. तोंड पुढं करून पाण्यात उतरली की गुडघा दुमडायचा. पाठ पुढं केली की तोच गुडघा घट्ट उभा राहायचा. म्हणून ती नदी उलटी ओलांडायची. गावाला सवय होती. परक्यांना नव्हती.

एका श्रावणात पलीकडच्या मळ्यातली चंद्रा अडली. मूल पायाळू होतं. निरोप आला तशी ठकू काठी घेऊन उतारात, नदी पायी ओलांडायच्या जागी, शिरली. पाठ पलीकडे, तोंड अलीकडे.

मध्यावर एका घोंगडीवाल्यानं तिला पाहिलं. त्याला वाटलं, म्हातारी अलीकडे यायला धडपडतेय. त्यानं उचललं, ते थेट अलीकडे आणून ठेवलं.

"अरे मेल्या, मला तिकडं..."

"आभार कसले, मावशी!" म्हणत तो गेलासुद्धा. पुण्य पदरात पडलं की माणसाला कमी ऐकू येतं.

ठकू पुन्हा उतरली. आता दोन गोसावी आले. त्यांनी एकेक दंड धरला. "बोलू नको माई, दम लागेल." पुन्हा अलीकडे. मळ्यातून चंद्राचं ओरडणं ऐकू येत होतं. आता तेही बारीक झालं होतं.

तिसऱ्यांदा एक पहिलवान आडवा आला. तो हात घालणार, तशी ठकूनं काठी वाळूत रोवली.

"लाव जोर. हलले तर सांग."

त्यानं जोर लावला. नदीतला काळा खडक हलला, पण ठकू हलली नाही, असं म्हणतात. घामाघूम होऊन शेवटी त्यानं विचारलं, "आजी, मग मी करू तरी काय?"

"वरच्या अंगाला उभा राहा. पाणी तुझ्या पाठीवर घे. मला हात लावू नको."

तो उभा राहिला. पाणी दुभंगलं आणि ठकूच्या लुगड्याचा काठही भिजला नाही, असं म्हणतात. मी ती नदी श्रावणात पाहिली आहे. काठ भिजला असणार. पण ठकू पोचली, हे खरं.

घरात बायका बाळाचे पाय धरून ओढायच्या बेतात होत्या. "सोडा गं," ठकू म्हणाली. "येतंय ते, त्याच्या तऱ्हेनं." पोर उलटी आली आणि खणखणीत रडली. चंद्राही वाचली.

आता पूल आहे. तरी त्या जागेला ठकूचा उतार म्हणतात, आणि नवी नवरी गावात पहिल्यांदा येते ती तिथूनच, पाण्यातून चालत. बाकीचे वरच्या अंगाला उभे राहतात आणि ठकूच्या नावानं विचारतात, "हात देऊ?" उत्तर येईपर्यंत सगळ्यांचे हात पाठीमागे.

माझ्या वेळी मी ऐटीत 'नको' म्हटलं आणि तिसऱ्या पावलाला शालूसकट पाण्यात बसले. कुणी हललं नाही. सासूबाईंनी तेवढं पुन्हा विचारलं, "आता देऊ?"

मी म्हटलं, "आता द्या."