चिंगीचा करवंटीचा झोका

शेवग्याच्या फांदीला कुणी झोका बांधतं का? नाही बांधत. शेवगा मोडतो. पण चिंगी उंदरीने बांधला. फांदी खाली होती आणि चिंगीला घाई होती.

कारण आज नागपंचमी. आज झाडाझाडाला झोके. चिंगीचा झोका करवंटीचा. चिंगी करवंटीत बसली. हुईंऽऽ गेली. हुईंऽऽ आली.

काडकन् मोडली फांदी. धप्पकन् पडली चिंगी.

करवंटी शाबूत. सुतळी शाबूत. चिंगीही शाबूत. पण झोका गेला. चिंगीला रडू आलं. एकच थेंब. मग तिने मिशा पुसल्या.

"शेवगा नाही तर आंबा," चिंगी म्हणाली. "आज मला झोका हवाच."

परसात होता आंबा. चांगला जाडजूड. चिंगी निघाली. शेपूट वर, तुरुतुरु तुरुतुरु.

"आंबेराव, आंबेराव, फांदी द्या.
चिंगीला झोका मिळेना."

आंबा म्हणाला, "देईन की. पण फांदीवर बसल्यात मुंग्या. लाल लाल, रागीट. तुला डसतील. आधी मुंग्या उतरू देत."

"एवढंच ना? आत्ता जाते."

शेपूट वर, तुरुतुरु तुरुतुरु.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, खाली उतरा.
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

मुंग्या म्हणाल्या, "उतरू की. आमचं घर खालीच आहे. पण खाली उभी कोंबडी. टिपून खाईल. आधी कोंबडी जाऊ दे."

"एवढंच ना? आत्ता जाते."

शेपूट वर, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, खुराड्यात जा.
मुंग्या उतरेनात,
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

कोंबडी म्हणाली, "जाईन की. पण माझी पिल्लं आहेत सात. खुराड्याच्या दारात लोळतोय बोका. आधी बोका हलू दे."

बोका? अरे बापरे. पण शेपूट काही खाली आली नाही.

"एवढंच ना? आत्ता जाते."

शेपूट वर, तुरु... तुरु... तुरु.

"बोकोबा, बोकोबा, बाजूला व्हा.
कोंबडी जाईना,
मुंग्या उतरेनात,
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

बोक्याने एक डोळा उघडला. "तुलाच खाऊ का?"

"खा. पण माझ्यात आहे काय? नुसती शेपूट."

बोक्याने तिला वरून खाली पाहिलं. खरंच, नुसती शेपूट.

"राहू दे," बोका म्हणाला. "मला हवंय दूध. माझी वाटी रिकामी. आधी गोदाकाकूला वाटी भरू दे. मग हलेन."

"एवढंच ना? आत्ता जाते."

शेपूट वर, तुरुतुरु तुरुतुरु. जरा जास्तच तुरुतुरु.

स्वयंपाकघरात होती गोदाकाकू. हातात दुधाचा पेला.

"काकू, काकू, वाटी भरा.
बोका हलेना,
कोंबडी जाईना,
मुंग्या उतरेनात,
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

काकू म्हणाली, "भरीन की गं. पण आमची येसू दुधाला तोंड लावीना. सकाळपासून रुसलीय. लेक उपाशी आणि बोक्याला आधी? ती प्यायली की उरलेलं बोक्याला."

"एवढंच ना? आत्ता जाते."

शेपूट वर, तुरुतुरु तुरुतुरु.

गोठ्यात बसली होती येसू. गाल फुगवून, पाय पसरून.

"येसूताई, येसूताई, दूध पी.
काकू वाटी भरीना,
बोका हलेना,
कोंबडी जाईना,
मुंग्या उतरेनात,
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

येसू म्हणाली, "मलाही मिळेना. बघ की. झोक्याचं चऱ्हाट खुंट्याला अडकलंय. गाठ सुटू दे. मग पिईन."

खुंट्याजवळ होते तात्या, येसूचे बाबा. चऱ्हाट म्हणजे जाड जाड दोर. तात्या ओढत होते. हुश्श, हुश्श. गाठ ओली झालेली. घट्ट बसलेली.

"विळ्याने कापा ना," चिंगी म्हणाली.

"आज पंचमी," तात्या म्हणाले. "पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही. नेम आहे. उद्या कापू."

"उद्या झोका नसतो," येसू म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला.

चिंगी गाठीपुढे उभी राहिली.

"गाठीबाई, गाठीबाई, सुटा.
येसू दूध पिईना,
काकू वाटी भरीना,
बोका हलेना,
कोंबडी जाईना,
मुंग्या उतरेनात,
आंबा फांदी देईना,
चिंगीला झोका मिळेना."

गाठ काहीच बोलली नाही. गाठी बोलत नाहीत.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. चिंगीने विचार केला. नाक हलवलं. मिशा हलवल्या.

"तात्या, हा नेम कुणाचा?"

"आपला. माणसांचा."

"उंदरांचा?"

तात्यांनी डोकं खाजवलं. "उंदरांचा नेम काही ऐकला नाही बुवा."

"मग सरका."

कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड. चिंगीचे दात इवले, पण काय धारदार. एक पेड तुटला. दुसरा पेड तुटला. कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड. तिसरा तुटला आणि...

गाठ सुटली.
येसू गटागटा दूध प्यायली.
काकूने वाटी भरली.
बोका हलला.
कोंबडी खुराड्यात गेली, सात पिल्लं घेऊन.
मुंग्या झरझर उतरल्या.
आंब्याने फांदी दिली.

तात्या झाडावर चढले. त्यांनी दोन झोके बांधले. मोठा येसूचा, शेजारी करवंटीचा.

शेजारच्या मुली धावत आल्या. "येसू, बस ना. पहिला झोका तुझा."

येसूने मान हलवली. "नाही. बाबांकडून गाठ सुटली नाही, माझ्याकडून सुटली नाही. चिंगीने सोडवली. पहिला झोका चिंगीचा."

सगळ्या मुली बाजूला सरकल्या. चिंगी करवंटीत बसली. येसूने एका बोटाने झोका दिला. अगदी हळू.

"हळू काय देतेस?" चिंगी म्हणाली. "जोरात दे."

हुईंऽऽ गेली, पानांपर्यंत. हुईंऽऽ आली, येसूपर्यंत. आणि शेपूट? वर.

चिंगीचा झोका चिंगीला,
आमची गोष्ट तुम्हांला.