उभ्या गाडीचा पहिला हक्क

कृष्णेच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात आदगोंडा चौगुले नावाचा भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. दुकान बरं चाललं होतं, घरात कशाची ददात नव्हती, माणूसही मनाने वाईट नव्हता. पण त्याचा सगळा जीव एका जुन्या मोटारीत अडकलेला होता. गोल दिव्यांची, सायीच्या रंगाची ती गाडी त्याच्या वडिलांनी घेतलेली. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. गाडी मात्र चालत होती. आदगोंडा रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाण्याआधी तिला पुसायचा. त्याची बायको पद्मावती म्हणायची, "देव थांबतोय म्हनून बरं. तेला कुटं सेल्फ मारायचा असतोय!"

त्या भागात अशी गाडीवेडी माणसं पुष्कळ होती. कुणी डॉक्टर, कुणी ऊसवाला, कुणी पिठाच्या गिरणीचा मालक. दर रविवारी सकाळी नदीजवळच्या मैदानात त्यांच्या जुन्या गाड्या जमत. सगळ्यांची बॉनेटं उघडी आणि सगळ्यांची डोकी आत. चहा निवून जाई, तरी कुणी मान वर काढत नसे. एखाद्याची बंद पडलेली गाडी सुरू झाली, की सगळे मिळून नारळ फोडत आणि पेढे वाटत. दुसऱ्याचं इंजिन सुरू झालं म्हणून हरखून जाणारी माणसं जगात किती सापडतील? इथे ती मैदानभर होती. असे शेजारी ज्याला मिळाले त्याने देवाकडे आणखी काही मागू नये.

बाजारात या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तशी ही मंडळी फोनवर शोधू लागली. दूरच्या कुठल्या तरी शहरात कुणी जुनं गोदाम झाडायला काढी, फोटो ऑनलाइन टाकी, आणि इकडे कृष्णाकाठी आनंदीआनंद होई. पार्सल आलं तरी ते घरी उघडायचं नाही. रविवारी मैदानात, सगळ्यांच्या देखत त्याची चिकटपट्टी कापायची. आतून कधी दाराची कडी निघे, कधी नुसता एक आरसा. पाठवणाऱ्याचं तोंडही कुणी पाहिलेलं नसे. तरी सगळे फोनभोवती गोळा होऊन त्याचे आभार मानत. पलीकडचा माणूस गोंधळून जाई, एका आरशासाठी एवढी माणसं का ओरडताहेत म्हणून.

या मंडळींचा एक नियम होता. ऑनलाइन एखादा दुर्मीळ भाग दिसला, की आधी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर विचारायचं, "कुणाची गाडी उभी आहे का?" ज्याची गाडी त्या भागावाचून अडून राहिली असेल, तो भाग त्याने घ्यायचा. चालत्या गाडीवाल्याने मागे सरायचं. उभ्या गाडीचा पहिला हक्क, असं सगळे म्हणत आणि पाळतही.

आदगोंडाही पाळत असे. पण एका वर्षी लहानशा एका भागासाठी त्याची गाडी सबंध पावसाळा बंद राहिली. त्याने त्याची अशी धास्ती घेतली, की पुढे जो जो भाग दिसेल तो तो गुपचूप मागवू लागला. पार्सल दुकानाच्या पत्त्यावर येई. भांड्यांच्या खोक्यांत आणखी एक खोकं, कोण विचारतो? तिथून ते घरच्या पत्र्याखालच्या माळ्यावर जाई. "असावं अडीअडचणीला," असं तो मनाशी म्हणे. अडचण कुणाची, हे मात्र म्हणत नसे.

एकदा त्याला ऑनलाइन ब्रेकची रबरं दिसली. ही छोटी रबरं ब्रेकचं तेल अडवून धरतात. ती खराब झाली, की दाबलेला पाय थेट खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही. कुण्या कारागिराने जुन्या मापावरून ती नव्याने ओतली होती आणि त्यांतला शेवटचा एक संच उरला होता. आदगोंडाच्या गाडीचे ब्रेक उत्तम होते. शिवाय असे तीन जुने संच माळ्यावर होतेच. तरी त्याने कुणाला विचारलं नाही. पार्सल आलं आणि माळ्यावर गेलं.

त्याच गावात इलाही मुजावर मोटारींच्या सीटा शिवत असे. मैदानातल्या बहुतेक गाड्यांच्या सीटा त्याच्याच हातच्या होत्या. आदगोंडाही त्यानेच शिवलेल्या सीटवर बसून ऐटीत फिरे. इलाहीचीही गाडी तशीच होती, तेच गोल दिवे, रंग तेवढा पिस्त्याचा. त्याची बायको लवकर गेली. तेव्हापासून लेक यास्मिन पुढच्या सीटवर बापाशेजारी बसून शाळेला गेली आणि तिथेच बसून कॉलेजलाही गेली. आता तिचं लग्न ठरलं होतं. तिने दागिना मागितला नाही, भारीतला शालू मागितला नाही. ती एवढंच म्हणाली, "अब्बा, मी घरातनं जाईन ती आपल्या गाडीतनं. तुमच्या शेजारी बसून."

लग्न तोंडावर आलं आणि त्या गाडीचे ब्रेक गेले. मेस्त्रीने सगळं उघडून पाहिलं आणि हात पुसले.

"इलाहीभाई, बाकी समद्याला जुगाड हाय. ब्रेकाला न्हाई. नवी रबरं आना, न्हाईतर गाडी जाग्यावरनं हलवू नगा."

इलाहीने फोनवर शोध शोध शोधलं. सगळीकडे 'शिल्लक नाही'. त्याने त्या कारागिराला गाठलं. कारागीर म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग इलाहीने ग्रुपवर लिहिलं, "माझी गाडी उभी आहे. पोरीची पाठवणी जवळ आली. ब्रेकची रबरं कुणाकडे असली तर सांगा. उपकार होतील."

मंडळी कामाला लागली. डॉक्टरांनी हुबळीला फोन लावला, गिरणीवाल्याने बेळगाव पालथं घातलं. कुठेच काही मिळेना.

आदगोंडाने तो निरोप दुकानात बसून वाचला आणि फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. रबरं द्यावीत, तर लोक विचारणार, कधी घेतली? विचारलं का नाही? शिवाय हातची वस्तू सोडवतही नव्हती. विचार करता करता त्याला एक युक्ती सुचली. त्याने लिहिलं, "इलाहीभाई, काळजी करू नका. माझी गाडी न्या. मी स्वतः फुलांनी सजवून देतो."

झालं! ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, टाळ्या. 'आण्णांचं मन मोठं', 'असा माणूस होणे नाही'. इलाहीने लिहिलं, "आण्णा, लाख लाख उपकार. पोरीला विचारून सांगतो." सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून आदगोंडाने सुटकेचा श्वास सोडला.

दुपारी जेवताना त्याने ते सगळं बायकोला वाचून दाखवलं. कौतुक कुणाला नको असतं? एवढ्यात इलाहीचा दुसरा निरोप आला. "आण्णा, राग मानू नका. पोरगी म्हणते, आण्णांची गाडी लाखात एक आहे. पण आईच्या मांडीवर मी झोपायची ती ह्या गाडीत. ही नसेल तर मग कशातूनही गेलं तरी सारखंच."

पद्मावतीने आमटी वाढता वाढता विचारलं, "अख्खी गाडी द्यायला निघालासा. बरं केलासा. आन माळ्यावर काय हाय?"

चोराच्या मनात चांदणं. आदगोंडा म्हणाला, "माळ्यावर? काय असनार?"

"तेच इचारतीया. लोनचं मुरलं की मानसं दुसऱ्याच्याबी ताटात वाढत्यात. तुमी निस्तं मुरवतच ठिवलंयसा."

आदगोंडा अर्ध्या ताटावरून उठला आणि शिडी लावून माळ्यावर चढला. पत्रा तापला होता. खोक्यांतून वाट काढताना त्याने मनाशी ठरवलं, जुन्या संचांतला एक देऊन टाकू, नवा आपल्याला राहू दे. वाचकहो, हसू नका. आपण जुनं पातेलं भांडी घासणाऱ्या बाईला देतो तेव्हा असंच करतो.

त्याने जुना संच उघडला. रबर कागदाला चिकटलं होतं. सोडवायला गेला तर शिळ्या भाकरीसारखं मोडलं. त्याने दुसरा संच उघडला. त्याचीही तीच गत. मग तो घाईघाईने सगळी खोकी फोडू लागला. लोखंड, पितळ, काच सगळं धड होतं. पण दारांच्या पट्ट्या, पाण्याच्या नळ्या, ब्रेकची रबरं, जे जे रबराचं होतं ते उन्हाळ्यामागून उन्हाळे पत्र्याखाली भाजून निकामी झालं होतं. ही रबरं गाडीत लागली असती तर तेलापाण्यात मऊ राहून कितीतरी दिवस चालली असती. इथे ती जागच्या जागी मेली होती.

त्याला गिरणीवाल्याची गाडी आठवली. आता हातात फुटून आलेल्या याच पाण्याच्या नळीसाठी ती दोन उन्हाळे उभी होती. तेव्हा ही नळी नवी होती आणि ती आदगोंडाच्या माळ्यावर होती. रविवारी गिरणीवाला सायकलवरून मैदानात यायचा आणि दुसऱ्यांच्या गाड्या बघून हसतमुखाने परत जायचा. आदगोंडा त्या खोक्यांत खाली बसला आणि त्याला रडू आलं.

आता उरला तो एकच नवा संच. त्याने बोटाने दाबून पाहिला. रबर मऊ होतं. सकाळी दिला असता तर चारांतला एक दिला असता. आता दिला तर जवळ काहीच उरणार नव्हतं. कधी आपलेच ब्रेक गेले तर वडिलांची गाडी उभी राहणार होती. त्याने संच मुठीत घट्ट धरला. दिला नाही तरी कुणाला कळणार होतं? पण इलाहीचे ते 'लाख लाख उपकार' त्याच्या मनातून जाईनात. जे आपण केलंच नाही, त्याचे आभार त्या भल्या माणसाने मानले होते. ते आभार त्याला सोसेनात.

तो खाली उतरला आणि तसाच, धुळीच्या कपड्यांनी इलाहीच्या दुकानात गेला. इलाही मशीनवर बसला होता. आदगोंडाने संच त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कधी घेतला ते सांगितलं, विचारलं नाही ते सांगितलं, आणि हे द्यावं लागू नये म्हणून गाडी देऊ केली तेही सांगितलं.

इलाहीने ती रबरं उचलून बोटांनी दाबून पाहिली. मग तो उठला आणि चपला पायात सरकवू लागला.

"इलाहीभाई, कायतरी बोला. शिव्या तरी द्या."

"रागवायला आत्ता येळ न्हाई, आण्णा. आदी मेस्त्रीला गाटूया."

रबरं बसली. मेस्त्रीने पाय दाबून पाहिला आणि हसून मान हलवली.

पुढच्या रविवारी आदगोंडाने माळा रिकामा करून सगळी खोकी मैदानात आणली. जे धड होतं ते एका चादरीवर मांडलं, आणि जे मेलं होतं तेही शेजारी मांडलं. लपवून काय करायचं होतं? डॉक्टर चिडले. ऊसवाला पाठ फिरवून उभा राहिला. गिरणीवाल्याने ती फुटकी नळी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. मग त्याने बाजूची दाराची पितळी कडी उचलली. "ही मात्र माझ्या दाराला बसंल बगा, आण्णा," असं तो म्हणाला आणि हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हळूहळू पुढे आले. माणसं जेव्हा अशी क्षमा करतात, तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

पाठवणीच्या दिवशी पिस्ता रंगाची ती गाडी फुलांनी नटली. यास्मिन पुढच्या सीटवर बापाशेजारी बसली. नवरदेव मुकाट्याने मागे बसला. मागून सगळ्या जुन्या गाड्या ओळीने निघाल्या. पुलाकडे रस्ता उताराचा होतो. तिथे समोर अचानक म्हशी आडव्या आल्या आणि इलाहीने ब्रेक दाबला. आदगोंडाची गाडी त्याच्या लगेच मागे होती. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे लागलेले त्याने पाहिले, आणि गाडी जागच्या जागी थांबलेली पाहिली. म्हशी निवांत गेल्या. शेजारी बसलेल्या पद्मावतीने पदराने त्याचे डोळे पुसले.

लग्नाची गडबड सरल्यावर इलाही मिठाई घेऊन दुकानात आला. "आण्णा, तुमचे उपकार मी जलमात फेडू शकनार न्हाई," असं म्हणून तो वाकू लागला.

आदगोंडाने त्याला मधेच धरलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"उपकार तुमचे हायेत, इलाहीभाई. येवढी वर्सं मी माळा भरला, त्यातली हीच रबरं गाडीला लागली, आन तीबी तुमी मागितली म्हनून. बाकी समदी माझ्याच पत्र्याखाली मेली."

तात्पर्य: साठवलेलं जागच्या जागी मरतं आणि दिलेलं कामी येतं, म्हणून मागायला कुणी दारी आलं, तर त्याचे आभार आधी देणाऱ्याने मानावेत.