एक्का, राजा आणि पाखऱ्याचा कासरा

माणदेशातल्या एका गावचा निवृत्ती हेडी बैलांच्या व्यापारात नावाजलेला होता. हेड्यांची एक रीत असते. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बोटं दाबली की शब्द दिला. मग सौदा तोट्यात गेला तरी मागं फिरायचं नाही. निवृत्ती उभ्या आयुष्यात मागं फिरला नव्हता, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

एका वर्षी जत्रेचा बैलबाजार उरकला. ऊन उतरल्याशिवाय गाड्या जुंपायच्या नव्हत्या, म्हणून हेडी मंडळी लिंबाखाली पत्ते घेऊन बसली. खेळ शहराकडून आलेला होता, पोकर. प्रत्येकाला दोन पानं लपवून मिळायची. डाव लावला की मध्ये तीन पानं उघडी मांडायची, मग एकेक करून आणखी दोन. ही पानं सगळ्यांची. आपली दोन त्यांच्याशी जुळली तर हात मोठा, नाहीतर नुसती शोभा.

डाव लावायची पद्धत मात्र हेड्यांची होती. बैल पणाला लावायचा तर त्याचा कासरा मध्ये टाकायचा. समोरच्यानं कासरा टाकला की आपणही टाकायचा, नाहीतर पानं पालथी करून बाजूला व्हायचं. आधी टाकलेले कासरे अर्थातच गेले.

निवृत्तीला पानं आली ती बदामाचा एक्का आणि बदामाचा राजा. असली पानं आली की माणसाला आपण त्यांचे सोयरेच आहोत असं वाटायला लागतं. विक्रीतून उरलेल्या दोन बैलांपैकी एकाचा कासरा त्यानं ऐटीत टाकला. बाकीचे एकेक करून उठले. म्हातारे बाबालाल तांबोळी तेवढे राहिले. त्यांनी पान खाता खाता आपला कासरा टाकला.

मध्ये तीन पानं उघडली. किलवरची सत्ती, अठ्ठी, नव्वी. निवृत्तीचं त्यात काहीच नव्हतं. ना एक्का, ना राजा, ना बदाम.

बाबालालनी दुसरा कासरा टाकला. निवृत्तीला दिसत होतं की म्हाताऱ्याचं काहीतरी जुळलंय. तरीही एक्का-राजा टाकून उठायचं म्हणजे काय? त्यानंही दुसरा कासरा टाकला. चौथं पान उघडलं, ती इस्पिकची दुर्री. बाबालालनी तिसरा कासरा टाकला.

आता निवृत्तीजवळ फक्त गाडीची जोडी उरली होती. त्यातला पाखऱ्या लहानपणीच आईवेगळा झाला होता. निवृत्तीच्या बायकोनं, हौसाबाईनं, त्याला बोटावर दूध चाटवून जगवलं होतं. घरची पेरणी त्याच्या खांद्यावर होती. तरी निवृत्ती उठला आणि गाडीपाशी जाऊन पाखऱ्याचा कासरा सोडू लागला. घरी निघायचं समजून बैल उठला आणि त्यानं मान पुढं केली.

जत्रेला बरोबर आलेली हौसाबाई गाडीशेजारच्या चुलीपाशी भाकरी बांधत होती. तिनं विचारलं, "अवं, कुठं निघालासा त्याला घिऊन?"

"डावात. एक्का-राजा आलाय मला."

"आन् मधी काय मांडलंय?"

निवृत्ती जरा घुटमळला. "त्यात माझं काय न्हाय."

"मग उठायचं की!"

"हेडी हाय मी. एकदा शब्द दिला की दिला."

हौसाबाईनं भाकरी खाली ठेवली. "शब्द माणसाला दिल्याला पाळायचा. पानाला कवा शब्द दिला तुमी?"

पाखऱ्याची मान अजून पुढंच होती. त्या मानेकडे बघून त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्यानं कासरा पुन्हा बांधला. लिंबाखाली येऊन त्यानं एक्का आणि राजा पालथे केले आणि म्हणाला, "उठलो मी, चाचा."

मंडळींनी हसून घेतलं. "निवृत्ती मागं फिरला रं!" कुणीतरी ओरडलं. त्याचे कान तापले. बाबालालनी कासरे गोळा केले.

निवृत्तीला राहवेना. "चाचा, पानं काय होती तुमची?"

बाबालालनी आपली पानं गड्डीत मिसळून टाकली. "ते बघायचं तर कासरा टाकावा लागतो, बेटा."

ऊन उतरल्यावर गाडी निघाली. विकायला आणलेले दोन बैल गेले होते, आणि ते दुःख काही थोडं नव्हतं. निवृत्तीनं विचारलं, "मी जिकलो असतो का गं?"

"जिकला बी असतासा," हौसाबाई म्हणाली. "पर आता पाखऱ्या गाडीला हाय."

निवृत्तीनं कासरा सैल सोडला. बैलांना घरची वाट ठाऊक होती.

तात्पर्य: सुरुवात कितीही चांगली झाली तरी पुढं जे उघडं पडलं ते आपल्याशी जुळत नसेल, तर हातातली उत्तम पानंही खाली ठेवावीत. माणसाला दिलेला शब्द पाळावा. स्वतःच्या आशेला दिलेला मोडण्यात कमीपणा नाही.