चाकाखालचा दगड

पूर्वी दशार्ण देशात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुताराच्या कुळात जन्मले. तिस्स या नावाने ते एका व्यापारी तांड्याबरोबर फिरत आणि गाड्यांची चाके दुरुस्त करीत.

तांड्याचा नायक होता नंदिय. चार महिन्यांपूर्वी घाट उतरताना त्याच्या धाकट्या भावाची गाडी दरीत गेली. भाऊ गेला. त्याची आठ वर्षांची मुलगी खेमा तेवढी वाचली, कारण ती खाली उतरून चालत होती.

अलीकडे तांड्यात नवीच कटकट सुरू झाली होती. दुपारी बैल सोडून सगळे सावलीला आडवे झाले, की कोणीतरी चाकांखाली दगड ठोकून बसवी. एकदा न बघता गाडी हाकली, तर जू मोडले आणि बैलाची मान सोलवटली. नंदियाचा संशय आधी नव्या गाडीवानावर, कालकावर गेला, मग स्वयंपाकिणीवर, मग मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्यावर. कालकाला तर त्याने हाकलूनच दिले. चोराच्या मनात चांदणे असते म्हणतात. नंदियाला तेव्हा जो तो चोर दिसत होता.

शेवटी एका दुपारी तो झोपेचे सोंग घेऊन पडला, आणि ओच्यात दगड घेऊन येणारी खेमा त्याला दिसली.

तो तडक सुताराकडे गेला. "तिस्सदादा, ही पोर साधी नाही. बाप गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाहुलीशी खेळत होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. महिनाभर सगळं नीट. मग झोपेत किंचाळायला लागली, गाडीत बसेना, आता हे! कोणीतरी फितवलंय हिला, नाहीतर काही बाधलंय. उद्याच्या गावात सोडून देतो."

"बैल जुंपेपर्यंत थांब," तिस्स म्हणाला.

त्याने खेमाला काहीच विचारले नाही. लाकडाची एक चिमुकली गाडी करून तिच्यापुढे ठेवली. तिने ती मातीच्या ढिगावरून सोडली. गाडी उलटली. तिने पुन्हा सोडली, पुन्हा उलटली. झाडाआडून बघणाऱ्या नंदियाने सात वेळा मोजले. पोरीच्या चेहऱ्यावर खेळण्याचा आनंद कुठेच नव्हता.

तिस्साने गाडीशेजारी एक काडी रोवली. "आणि ही कोण?"

तांड्याची रीतच होती, उतारावर मुलांनी दगड घेऊन गाडीच्या बाजूने चालायचे आणि हाक आली की तो चाकापुढे सारायचा.

"ती मी," खेमा म्हणाली. "मी करवंदं तोडत होते. बाबांनी हाक मारली तेव्हा माझ्या हातात दगडच नव्हता." मग हळूच म्हणाली, "आधी वाटायचं, बाबा येतील. मग वाटलं, रागावलेत म्हणून येत नाहीत. आता कळलंय. मीच मारलं त्यांना. आता मी एकही गाडी पडू देणार नाही."

घाटाच्या आदल्या दिवशी याच तिस्साने नंदियाला त्याच्या भावाच्या गाडीचा, दोन चाकांना जोडणारा आस पोखरलेला दाखवला होता. "एवढी खेप होऊ दे," नंदिय म्हणाला होता. तिस्साने आता ते बोलून दाखवले असते तर सगळ्या तांड्याने ऐकले असते. पण तो झाडाकडे बघून वाट पाहू लागला.

नंदिय बाहेर आला. "पोरी, आस मोडला होता. आतून पोखरलेला, आणि ते मला माहीत होतं. तुझ्या हातात दगड असता तरी गाडी थांबली नसती. तुझा बाबा माझ्यामुळे गेला."

खेमाने त्याच्याकडे संशयाने पाहिले. "तिस्सआजा, काका खरं बोलतात?"

"खरं बोलतो आहे," तिस्स म्हणाला.

तेव्हा ती रडली, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि काकाला दोन्ही मुठींनी मारू लागली. नंदियाने तिला मारू दिले. संध्याकाळी तो कालकाला शोधायला स्वतः गेला.

दगड लगेच बंद झाले नाहीत. पण जुंपण्याआधी नंदिय खेमाबरोबर एकेक आस तपासे आणि मग दोघे मिळून दगड काढत.

ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "त्या वेळची खेमा म्हणजे आज आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी आपल्या संघातली भिक्षुणी. नंदिय म्हणजे समोर बसलेला हा उपासक. घराचे छत कोसळल्यापासून याचा मुलगा बोलत नाही, आणि हा शेजाऱ्यांच्या करणीचा शोध घेत फिरतो आहे. तिस्स मीच होतो. मूल मनातल्या मनात स्वतःवर कोणता आळ घेते आहे, ते आधी ऐकून घेणे, हीच करुणा."

उपासक आशीर्वादाला थांबला नाही. छताची कच्ची तुळई स्वस्तात आपणच घेतली होती, हे मुलाला सांगायला तो घरी निघाला होता.