उंबराची फुलं

नदीकाठी माणसांची वस्ती व्हायच्या आधीची ही गोष्ट. तिथल्या एका उंबरावर म्हातारा तांबट पक्षी राहत होता. या झाडाला फुलाशिवाय फळं येतात, ही देवाचीच कृपा, असं तो नातवंडांना सांगायचा आणि रोज फळांपुढे मान लववायचा.

एकदा एका फळातून राईएवढी माशी बाहेर आली. ती म्हणाली, "आजोबा, फुलं आहेत की! फळाच्या आत, शेकड्यांनी. आम्ही एका फळातले पराग दुसऱ्यात नेतो, म्हणून ती पिकतात."

तांबट संतापला. "म्हणजे देव काहीच करत नाही? सगळं तुम्ही किडेच करता?"

"असं कुठं म्हणाले मी? पाहिलं तेवढं सांगितलं."

त्याने ऐकलं नाही. सगळ्या पाखरांना बोलावून त्याने माश्या टिपायला लावल्या. एकही उरली नाही.

पुढच्या खेपेला उंबर लगडला, पण फळं हिरवीच गळून पडली. नातवंडं भुकेने रडू लागली. तांबटाने एक फळ चोचीने फोडलं. आत खरंच फुलं होती, दाटीवाटीने, सुकून गेलेली.

त्याने त्या फुलांपुढे मान लववली. मग हलकेच म्हणाला, "देवा, तुझी फुलं दाखवायला ती माशी आली होती. आणि मी तिला मारून टाकलं."