कुंपणाच्या आतला चोर

बाळांनो, आणि बाळांच्या पाठीमागून डोकावणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. पडद्याच्या आत, खेळातल्या एका राज्यात घडलेली. तिथे वीस मिनिटांत दिवस मावळतो, म्हणजे तुमचा गेला रविवारसुद्धा तिथे पूर्वजांच्या काळातला. सूर्य चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा चौकोनी.

त्या राज्यात एक वीर राहत असे. हातात हिऱ्याची तलवार, पायात लोखंडी बूट. राक्षस त्याला चळचळा कापत. पण भुकेपुढे तलवार काय करणार? तिथे प्रत्येकाच्या नावाने आभाळाच्या कडेला दहा भाकऱ्या टांगलेल्या असत. भूक वाढली की एकेक नाहीशी होई, आणि शेवटची गेली की माणूस खेळातून बाद. वीराच्या तीनच उरल्या होत्या.

म्हणून त्याने तळ्याकाठी जमीन खणून गहू पेरला. तिथले वीर चालत नाहीत, उड्या मारत जातात. लवकर पोचता येतं म्हणे. हाही तसाच उड्या मारत शेतात फिरला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर निम्मे कोंब सपाट!

“हे त्या शेजारच्या बिळातल्या सशाचंच काम,” असं म्हणून त्याने सशाला हाकलून लावलं आणि कंबरभर कुंपण घातलं. फाटक मात्र ठेवलं नाही. फाटकातून चोर येणार नाही का? स्वतः तो कुंपणावरून धाडकन आत उडी मारी.

कोंब आणखी आडवे झाले. वीराने कुंपण छातीपर्यंत चढवलं. उडीही तेवढीच उंच झाली. अखेर एक कोंब उरला, आणि आभाळात अर्धी भाकरी. वीर रडकुंडीला आला.

“खरं सांग, माझा गहू तू खाल्लास ना?” त्याने कुंपणाबाहेर चरणाऱ्या गायीला दरडावलं.

गायीने रवंथ थांबवलं. “खाल्ला असता तर उरला असता का रे बाबा? हे कोंब चेपलेत. जरा वाकून बघ.”

वीर वाकला. मातीत बुटांचे खोल ठसे होते.

“सापडला! लबाड माझ्याच मापाचे बूट घालतो!”

गायीने नुसतं त्याच्या पायांकडे पाहिलं. मग वीरानेही पाहिलं आणि तो शरमेने लाल झाला.

त्याने बूट काढले, कुंपणाला फाटक केलं आणि पहिल्यांदाच हळूहळू चालत आत गेला. भाकरीचा शेवटचा तुकडा उरला असताना ते एकमेव कणीस पिकलं. चार दाणे चावून तो वाचला, बाकीचे त्याने पेरले.

पुढे शेत भरलं. पहिली भाकरी घेऊन वीर सशाच्या बिळाशी गेला. “चुकलो रे,” तो म्हणाला.

ससा आतूनच म्हणाला, “भाकरी दारात ठेव. आणि दादा, जाताना चालत जा. माझं छप्पर मातीचं आहे.”

तात्पर्य : नुकसान झालं की चोर शोधण्याआधी आपलेच पाय कुठे पडले ते पाहावं.